उजवी बाजू

लाउरोने गाडीच्या उजव्या पुढच्या चाकावरचा पत्रा बोटभर जास्त फुगवला. मुद्दाम. मग त्यावरून तळहात फिरवला. त्याला लाज वाटली आणि बरंही वाटलं.

गाडीच्या पलीकडे त्याचा थोरला भाऊ एर्मेते डावी बाजू ठोकत होता. त्यांच्याकडे रीतच तशी होती. एकाने उजवी बाजू करायची, दुसऱ्याने डावी, आणि दुसऱ्याच्या बाजूला हातोडी लावायची नाही. मोदेना शहरात गाड्यांचा पत्रा ठोकणारे पुष्कळ होते, पण दोन्ही बाजू इतक्या जुळवणारे हे दोघेच. लाकडी साचा फक्त अंदाज देई. बाकी सगळं हात करीत.

"दादा, मी निघतो."

एर्मेतेला ऐकू गेलं नाही. ठोकाठोकीत त्याचा एक कान गेलाच होता. लाउरो गाडीला वळसा घालून त्याच्या दुसऱ्या कानाशी गेला आणि ओरडला, "निघतो म्हटलं!"

"सास्सुओलोला? इरिदेकडे?"

"हो. सोमवारपासून फरशीच्या कारखान्यात ये म्हणतायत. तिच्या मामाने जागा धरून ठेवलीय."

"तू फरश्या भाजणार? तुला साधा पाव भाजता येत नाही."

"माझ्याही कानात शिट्टी वाजायला लागलीय, दादा. इरिदे म्हणते, तिला ऐकू येणारा नवरा हवा. सोमवारी मी तिथे नसलो, तर ती थांबणार नाही."

"लग्न होऊ दे, मग बहिरा असतो तर बरं होतं म्हणशील." एर्मेते एकटाच हसला. मग त्याने हातोडी खाली ठेवली. "आपलं ठरलंय ना? उद्या कासोर्झोसाहेबांनी तुझ्या हातचं काम नाकारलं, तर खुशाल जा. पण हात चांगला असताना जाऊ देणार नाही. बाबांना शब्द दिलाय मी."

"ठरलंय," लाउरो म्हणाला. त्याने आपल्या बाजूवर चादर टाकली आणि शीळ घालत बाहेर पडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कासोर्झोसाहेब तोरिनोहून आले. गाडी त्यांनीच कागदावर काढली होती. बारा सिलिंडरचं इंजिन चालवणाऱ्याच्या पाठीमागे, तेही आडवं बसवायचं होतं. त्यामुळे पुढे काही उरलंच नव्हतं. नाक जमिनीला टेकायला आलेलं, आणि छत माणसाच्या कमरेइतकं.

लाउरो धुतलेला सदरा घालून आला होता. एर्मेतेच्या अंगावर कालचेच कपडे होते आणि अंगठ्याला फडकं बांधलेलं होतं. लाउरोने स्वतःच चादर ओढून काढली आणि आपल्या बाजूला खाली मान घालून उभा राहिला.

साहेब समोरून बघत राहिले. "हे काय केलंत? मी असं काढलं नव्हतं."

"माझी चूक आहे, साहेब," लाउरो लगेच म्हणाला. "उजवी बाजू माझी. माझा हात आता भरवशाचा राहिला नाही."

"उजवी कसली? दोन्ही बाजू तशाच आहेत."

लाउरो पुढे येऊन बघू लागला. डाव्या चाकावरचा पत्राही वर आला होता. तेवढाच. बोटभर.

साहेबांनी एक खोकं मागितलं, ते गाडीच्या आत ठेवलं आणि सुटाची पर्वा न करता वाकून त्यावर बसले. सीट अजून बसवायची होती. बराच वेळ ते समोर बघत होते.

"कागदावर हेच सापडत नव्हतं," ते आतून म्हणाले. "नाक इतकं खाली, की आपली गाडी कुठे संपते ते चालवणाऱ्याला कळणार कसं? आता इथून दोन उंचवटे दिसतात. त्यांच्यामधून रस्ता धरला की झालं. हे कुणाचं डोकं?"

एर्मेतेने हातोडीनेच लाउरोकडे दाखवलं. "धाकट्याचं."

"साहेब, मी ते बिघडवलं होतं!" लाउरो ओरडलाच. "मुद्दाम बिघडवलं! आईची शपथ!"

साहेब बाहेर आले आणि त्यांनी त्याचे दोन्ही गाल धरून हलवले. "चांगला कारागीर कधी कबूल करतो का? आता सगळ्या गाड्या अशाच होतील. आणि तुम्हा दोघांशिवाय कुणाच्या हातात जाणार नाहीत. आत्ताच गाडीच्या कंपनीच्या मालकांना कळवतो." आणि ते फोन करायला कोपऱ्यावरच्या बारकडे गेले.

दोघे भाऊ गाडीच्या दोन बाजूंना उभे होते.

"का केलंस, दादा?" लाउरोने विचारलं. तो नुसता पुटपुटला होता, पण एर्मेतेला ओठांवरून कळलं.

"एकच बाजू चुकली असती, तर तू गेला असतास," तो म्हणाला. "आता दोन्हीकडे सारखंच आहे."

मग त्याने भिंतीशी उभा केलेला कोरा पत्रा उचलला आणि उजव्या बाजूला आणून ठेवला.