अर्धा सेकंद

दादाचा अंटार्क्टिकाच्या तळावरून फोन आला, की आई स्पीकर लावते. तिथलं इंटरनेट उपग्रहावरून चालतं. आवाज छत्तीस हजार किलोमीटर वर जातो, तेवढाच खाली येतो. उत्तराचाही तोच प्रवास. त्यामुळे दादा नेहमी अर्धा सेकंद उशिरा बोलतो. आई म्हणते, "तिकडे जाऊन शहाणा झाला, विचार करून बोलतो!"

आज तिनं विचारलं, "जेवलास का रे?"

"नाही. भूक लागलीय," उत्तर लगेच आलं.

"आज लाइन छान आहे गं," आई मला म्हणाली.

मी फोनकडे बघत राहिले. लाइन कितीही छान असली, तरी तो अर्धा सेकंद जात नाही. प्रकाशालाही तेवढा वेळ लागतोच.

"दादा, कुठे आहेस तू?"

माझा प्रश्न संपायच्या आत तो म्हणाला, "जवळच."

तेवढ्यात माझा मोबाइल वाजला. तळाचे प्रमुख होते. मी "हॅलो" म्हटलं. अर्धा सेकंद शांतता. मग ते म्हणाले, "तुमचा भाऊ सुधन्वा कालच्या हिमवादळात बाहेर गेला होता. अजून सापडलेला नाही."

इकडे आई स्पीकरवर दादाशी हसत बोलत होती. "भूक लागलीय तर ये ना, पान वाढते."

"वाढ," दादा लगेच म्हणाला.