सासऱ्यांबरोबर तलावाची फेरी

तिसऱ्या चढावर होणारे सासरे शिट्टीवर गाणं वाजवू लागले आणि मागून सायकल रेटणाऱ्या मेकॅनिकने दात-ओठ खाल्ले. तो खाली मान घालून पॅडल मारत होता. तोंडाला फेस यायचा बाकी होता. अडुसष्ट वर्षांचा माणूस पन्नास हात पुढे होता आणि वर शिट्टी वाजवत होता.

अट साधी होती. धरणाच्या तलावाभोवती बेचाळीस किलोमीटरचा डोंगरी रस्ता. सुरुवात धरणाच्या फाटकापाशी, शेवटही तिथेच. "माझ्या आधी पोचलास तर लग्नाचं बोलू," सासरे म्हणाले होते. "नाही पोचलास तर दुकानात जाऊन पंक्चर काढत बस."

सासऱ्यांची उभी नोकरी या धरणावर पाण्याची पातळी मोजण्यात गेली होती. रस्त्याचा नकाशा त्यांनी स्वतःच्या हाताने काढला होता आणि चढांना नातेवाइकांची नावं दिली होती. पहिला मेव्हणा. दिसायला गरीब, पण एकदा आला की जायचं नाव घेत नाही. दुसरा साडू, नुसता भपका, दोन मिनिटांत खलास. तिसऱ्या आत्याबाई. संपल्या संपल्या म्हणावं, तर पुढच्या वळणावर पुन्हा हजर. आणि चौथ्या थोरल्या वहिनी. त्या समोर उभ्या राहिल्या की भल्याभल्यांचा आवाज बंद होतो.

मेकॅनिक आत्याबाईंच्या दुसऱ्या वळणावर होता. दम लागला होता हे खरं. पण रडू येत होतं ते वेगळ्याच कारणाने. सासऱ्यांच्या सायकलीत मोटर होती, आणि ती त्यानेच बसवली होती.

दोन महिन्यांपूर्वी सासऱ्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. त्या निमित्ताने डॉक्टरांनी छातीही तपासली आणि चढ बंद करायला सांगितले. "त्या डॉक्टरला सायकल तरी येते का?" एवढं बोलून सासऱ्यांनी विषय मिटवला. मग त्यांच्या डोळ्यावर पट्टी होती त्या आठवड्यात मुलगी आणि मुलीची आई सायकल ढकलत मेकॅनिकच्या दुकानात आल्या. मागच्या चाकाच्या मधोमध लहानशी मोटर बसली. मागच्या पिशवीच्या तळाशी बॅटरी गेली, तिच्यावर पंक्चरचं सामान. पॅडल मारलं की मोटर आपोआप हातभार लावायची.

"यांना कळता कामा नये," मुलीच्या आईने बजावलं. "कळलं तर त्याच दिवशी उपटून फेकतील आणि तसेच चढावर जातील."

मेकॅनिकने शब्द दिला. शिवाय होणाऱ्या सासूवर छाप पाडायची म्हणून दुकानातली सगळ्यात दणकट मोटर लावली. त्या छापाची फळं तो आता भोगत होता.

सासरे तेव्हापासून हवेत होते. आपल्या मांड्या पुन्हा तरुण झाल्या, असं ते भेटेल त्याला थांबवून सांगत. सायकल थोडी जड लागते, अशी तक्रार त्यांनी एकदाच केली. "आठ दिवस घरात बसून खाल्लंत, तुम्हीच जड झालात," बायको म्हणाली. प्रत्येक फेरीनंतर ती पिशवी झटकायच्या नावाखाली आत नेई आणि बॅटरी चार्जिंगला लावी.

थोरल्या वहिनींच्या पायथ्याशी सासरे सायकल थांबवून उभे होते. कपाळावर घामाचा टिपूस नव्हता. मेकॅनिक कसाबसा पोचला आणि हँडलवर डोकं टेकवून उभा राहिला.

"काय रे, तू या धंद्यातला माणूस," सासरे म्हणाले. "खरं सांग, माझ्या सायकलीत काही वेगळं दिसतं का तुला?"

एक शब्द पुरेसा होता. पिशवीकडे नुसतं बोट दाखवलं असतं तर शर्यतच रद्द झाली असती. मग मोटर निघाली असती, आणि उद्या हा माणूस आपली छाती घेऊन एकटाच याच चढाला भिडला असता. मेकॅनिकला ती मुलगी हवी होती. फार हवी होती. पण मुलीला बाप हवा होता.

"काही नाही, काका," तो म्हणाला. "मांड्याच तशा आहेत तुमच्या."

"वाटलंच मला," सासरे म्हणाले आणि शिट्टी वाजवत चढाला लागले.

मेकॅनिकने निम्मा चढ सायकलवर काढला आणि निम्मा सायकल हातात धरून. वरून सगळा तलाव दिसत होता, पण त्याला बघवेना. मुलीला काय सांगायचं याची वाक्यं तो मनात जुळवत होता, आणि एकही धड जमत नव्हतं. फाटकापाशी पोचला तेव्हा सासरे कठड्यावर बसून सुरीने सफरचंद कापत होते. अर्धं सफरचंद संपलंही होतं.

"हरलो, काका."

"हरलास ना. चांगला चाळीस मिनिटांनी हरलास." सासऱ्यांनी एक फोड त्याच्यापुढे धरली. "घे, आधी खा. दोन महिने ती मोटर माझ्या बुडाखाली गुरगुरतेय, मला काय ऐकू येत नाही होय?"

फोड मेकॅनिकच्या घशात अडकली. सासऱ्यांनी त्याच्या पाठीवर दोन थापा मारल्या आणि ती खाली जाईपर्यंत वाट पाहिली.

"आमची मुलगी अगदी आईवर गेलीय, बाबा," ते म्हणाले. "अशा बाईच्या घरात कळूनही न कळल्यासारखं राहायला मला तीस वर्षं लागली, तुला एका फेरीत जमलं, आता लग्नाची तारीख तूच सांग."