चार बोटांचा फोटो

शेजारच्या शेवंताच्या दारावर पेपर चिकटवला होता. त्यात तिचा गोधडी शिवतानाचा हसरा फोटो. पवळाने तो मापून पाहिला. चार बोटं भरला. तिच्या अंगाचा तिळपापड झाला. "वार्ताहराला चहा पाजला मी, अन् पारध्यांच्या वस्तीत मिरवतेय ही!"

वार्ताहर मंगळवारी पुन्हा आला, तेव्हा पवळाने तोंड फिरवलं. "आमचंही छापलं होतं की एकदा. माझ्या लेकाला चोर ठरवून."

तो ओट्यावर टेकला. "मावशी, तुमचा लेक निर्दोष सुटला, ते छापायचं राहिलं. आमची चूक. उद्या छापतो, त्याच्या फोटोसकट."

पवळाने डोळे पुसून अख्खा पंजा त्याच्यासमोर धरला. "एवढा छापा. शेवंतापेक्षा एक बोट जास्त."