आंब्यावरची रुखई

भय्याजी भर दुपारी अंगणातल्या खाटेवर उभे होते. बेबीबाई त्यांच्या पाठीशी, त्यांचा सदरा दोन्ही मुठींत धरून. समोरच्या आंब्यावर दोरीएवढा बारीक साप या फांदीवरून त्या फांदीवर आरामात चालला होता.

थोरल्या लेकीनं, मोनिकानं, ग्रामपंचायतीच्या भिंतीवरचा सर्पमित्राचा नंबर लावला. तासाभरात लाखांदूरहून मोटारसायकलवर एक पोरगा सानगडीला आला. चप्पल काढून झाडावर चढला आणि साप हातात घेऊनच उतरला.

"रुखई हाये, काकाजी. विष नसते इले. झाडावर राहते, सरडे-बेडकं खाते."

रुखईची पाठ तांब्याच्या तारेसारखी, पोट पिवळसर. रागानं तिनं मान फुगवली तेव्हा खवल्यांमधून निळे ठिपके चमकले. भय्याजींनी हे सगळं खाटेवरूनच पाहिलं.

पाणी देताना त्यांनी नाव विचारलं. पोरगा म्हणाला, कैलाश. भय्याजींचा चेहरा उतरला. माघात याच कैलाशचं स्थळ मोनिकासाठी आलं होतं आणि साप धरणाऱ्याच्या घरी पोरगी देणार नाही, असं सांगून त्यांनी ते न बघताच परत पाठवलं होतं. आता तो समोर त्यांच्याच गडव्यातून पाणी पीत होता. रुखई तलावापलीकडच्या झुडपी जंगलात सोडतो, एवढं सांगून कैलाश गेला.

आठ दिवसांनी आंब्यावर पुन्हा रुखई. बेबीबाई अशा ओरडल्या की शेजारची आनंदाबाई काठी घेऊन धावली. पुन्हा कैलाश.

तिसऱ्या खेपेला भय्याजी खाटेवरून खाली उतरले. चौथ्या खेपेला त्यांनी रुखईला एक बोट लावून पाहिलं. साप बुळबुळीत आणि ओला असतो, हा त्यांचा साठ वर्षांचा समज तिथंच गेला. ती दिवसाच हिंडते, फांदीवरून सरळ उडी घेते, झाडाच्या ढोलीत अंडी घालते, हे कैलाशनं सांगितलेलं ते पानठेल्यावर स्वतःचं ज्ञान म्हणून सांगू लागले. कैलाशच्या पाण्याचा चहा झाला, चहाबरोबर पोहे आले. बेबीबाईंची भीती मात्र तसूभर कमी झाली नाही. पिशवीचं तोंड बांधेपर्यंत त्या स्वयंपाकघराची कडी काढत नसत.

सहाव्या खेपेला भय्याजींना दिसलं, रुखईचं शेपूट टोकाशी तुटलेलं आहे. मागच्या खेपेलाही तुटलेलं होतं. त्याच्या मागच्या खेपेलाही. शंभर बैलांत आपला बैल ओळखणारा माणूस, त्यांना पुढचं लगेच कळलं. त्यांनी कैलाशला गोठ्याकडे नेलं.

"खरं सांग. तूच आणून सोडतं ना इले?"

कैलाशनं दाराकडे पाहिलं. दारात मोनिका उभी होती, ओढणीचं टोक पिळत. तो खाली मान घालून म्हणाला, "हो, काकाजी. मीच."

भय्याजींनी रागवायचं ठरवलं, पण राग येईना. एका पोरीसाठी एवढं पेट्रोल जाळणारा पोरगा आणि तोंडावर कबूल करणारा. मोनिकाला बघून गेलेल्या नोकरीवाल्या दोन स्थळांनी साधा निरोपही पाठवला नव्हता.

"तुह्या मामाले पाठव," ते म्हणाले. "बोलणी करू."

साखरपुडा झाला. जेवणं उरकल्यावर भय्याजींनी पाहुण्यांसमोर रुखईवरून जावयाची चेष्टा केली. कैलाश ओशाळला. तो त्यांच्या कानाशी येऊन हळूच म्हणाला की खरं तर त्यानं रुखई एकदाही आणली नव्हती. मोनिका आणत असेल असं वाटून त्यानं ते अंगावर घेतलं होतं. शेजारी बसलेली मोनिका म्हणाली, तिनं तर सापाला आजपर्यंत हातसुद्धा लावला नाही.

भय्याजींनी पाहिलं, बेबीबाई पाहुण्यांत कुठंच नव्हत्या. ते उठले आणि घरामागे गेले.

गोठ्याच्या आडोशाला बेबीबाई उभ्या होत्या. नव्या लुगड्याचा पदर खोचलेला. उघड्या हातावर रुखई दोन वेढे घालून निवांत बसली होती आणि त्या एका बोटानं तिची मान खाजवत होत्या. नवऱ्याला पाहून त्या दचकल्या नाहीत.

"इले आता कायमची जंगलात सोडून येतो," त्या म्हणाल्या. "आपल्या धाकट्या दामिनीसाठी पोरगा पाहून ठेवला हाये. विहिरीच्या मोटारी दुरुस्त करते. सोमवारपासून आपली मोटार बिघडन."