एका लग्नाची उणीव

"तुला फक्त एवढंच म्हणायचंय, की आईला माझा घोर नव्हता," बिन्सार बहिणीच्या कानाशी लागून म्हणाला. "बाकी मी बघतो. तू बोललीस की ढोल सुरू."

लामरियाची नजर आईवर होती. घराच्या मधोमध शवपेटीत आई निजली होती. अंगावर माहेरहून आलेलं विणलेलं लाल वस्त्र, केस नीट विंचरलेले. भोवती चटयांवर गावातले जाणते बसले होते. हे मरण कुठल्या मानाचं, ते आज सकाळी ठरायचं होतं.

आम्हा बाताक लोकांत मरणालाही पायऱ्या असतात. सगळी मुलं संसाराला लागली, प्रत्येकाच्या घरी नातवंडं खेळली, की जाणाऱ्याचं आयुष्य भरलं. मग ढोल वाजतात, लेकी-सुना, जावई सगळे पेटीभोवती नाचतात. रडायचं मात्र नाही. भरल्या मरणाला रडणं म्हणजे मेलेल्या माणसाचा अपमान. एकाचा जरी संसार राहिला, तर मरण अपुरं, त्याला ढोल नाहीत.

या बाईला सहा मुलं, एकोणीस नातवंडं आणि तीन पणतवंडं. उणीव एकच, शेंडेफळ लामरिया. वय सत्तेचाळीस, बालिगे गावच्या शाळेत गणित शिकवते, आईबापांजवळ राहते, लग्न केलं नाही. पण आईला माझी चिंता नव्हती असं तिनं स्वतःच्या तोंडानं चारचौघांत सांगितलं, तर जाणते तिला संसाराला लागलेली धरणार होते. अशा पळवाटा आमच्याकडे बऱ्याच आहेत, आणि त्यांना आम्ही रीत म्हणतो.

थोरला बिन्सार तीन दिवस हसत होता. जो येईल तो त्याचा हात हातात घेऊन म्हणायचा, भाग्यवान आहात, आई भरल्या घरातून गेली. तो हसून मान डोलवायचा. घशाशी काही आलं की खाकरायचा आणि मांडव बघायला निघून जायचा. म्हातारे बाबा कोपऱ्यात बसून हसत होते, कारण त्यांना तसं सांगितलं होतं. त्यांनी परवापासून भाताला हात लावला नव्हता.

आत्यानं लामरियाला कोपरानं ढोसलं. "बोलून मोकळी हो ना गं. नाहीतर लोक जन्मभर म्हणतील, या बयेनं आईच्या मरणातही खोट आणली."

"जन्मभर तेच ऐकतेय, आत्या. आता नवीन काहीतरी शोधायला सांगा त्यांना."

तिचे कान तापले होते. शाळेत बाईंचे कान लाल झाले की वर्गातला सगळ्यात वांड मुलगाही गुपचूप वही उघडायचा. एरवी ती अशा वेळी उठून बाहेर जायची. आज ती बसून राहिली आणि गणित कुठं चुकलं ते शोधावं तसा स्वतःचा राग तपासत राहिली. भावावरचा? नाही, तो बिचारा हजार पाहुणे सांभाळत होता. आत्यावरचा? आत्या अशीच. मग ही लाज असेल का? लाज तिच्या चांगल्या ओळखीची होती, वीस वर्षं रोज भेटायची. आज ती आलेलीच नव्हती. रागाच्या तळाशी भलतंच काहीतरी होतं. तिला आई हवी होती. इतकंच. आणि या घरात तीन दिवस ते कुणाला म्हणायची सोय नव्हती.

मामानं घसा साफ केला. आईचा भाऊ तो, त्याचा शब्द शेवटचा. "बोल पोरी. माझ्या बहिणीला तुझा घोर होता का?"

बिन्सारनं ढोलवाल्यांकडे पाहिलं. त्यांनी काठ्या उचलल्या.

"होता, मामा."

काठ्या तशाच राहिल्या.

"मागच्याच आठवड्यात तिनं एक विधुर शोधून काढला होता," लामरिया म्हणाली. "पुढचे चार दात पडलेला. म्हणे, दात काय करायचेत, भात खातो ना. मी तिच्यावर ओरडले. तोंड फिरवून निजली ती. मामा, ती माझा घोर उशाशी घेऊन गेली. तिला माझी काळजी नव्हती असं मी म्हणणार नाही. मेले तरी म्हणणार नाही."

चटयांवर कुजबुज झाली. आत्यानं कपाळावर हात मारून घेतला.

"नीट विचार कर," मामा म्हणाला. "एकदा ठरलं की ठरलं. गाव तुझंच नाव घेईल."

"घेऊ दे."

मामानं बहिणीच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "अपुरं मरण. ढोल उतरवा."

बिन्सार तिच्या अंगावर धावूनच आला. तीन दिवसांत पहिल्यांदा त्याच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. "आईचा मान घालवलास तू. आयुष्यभर कष्ट उपसले तिनं, आणि तू... काय मिळालं तुला? सांग ना, काय मिळालं?"

त्याचं बोलणं संपायच्या आत कोपऱ्यातून आवाज आला. बाबांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं होतं आणि त्यांचे खांदे गदगदत होते. कुणी त्यांना गप्प केलं नाही. आता कुणाला तसा हक्कच नव्हता.

बिन्सार बापाकडे बघतच राहिला. तो सवयीनं खाकरला आणि मांडवाकडे वळला. लामरियानं त्याचं मनगट धरलं आणि त्याला पेटीपाशी आणून उभं केलं.

"दोष माझ्या माथी मार, दादा, मी तो मिरवेन," ती म्हणाली. "पण आता रड."