हवापाण्याच्या गप्पा

“मॅडम, तुम्ही अजून लग्न का नाही केलं?” श्याओलीने भर वर्गात विचारलं आणि ऋजुताने कपाळावर हात मारला.

चीनमधल्या त्या विद्यापीठात इंग्रजी आणि पाश्चात्त्य शिष्टाचार शिकवताना ती मेटाकुटीला आली होती. “अरे, लंडनला जाऊन वय, पगार, लग्न विचाराल, तर कोणी दारात उभं करणार नाही! हवेबद्दल बोला. फक्त हवेबद्दल!”

सोमवारी सांगलीहून भावाचा फोन आला. बाबा अतिदक्षता विभागात होते. परीक्षा तोंडावर आलेली, म्हणून ऋजुता तशीच वर्गात गेली. तिचे सुजलेले डोळे सगळ्यांनी पाहिले.

“आज हवा छान आहे, मॅडम,” एकजण म्हणाला.

“हो, ऊनही पडलंय,” दुसऱ्याने जोड दिली.

ऋजुताचा बांध फुटला. “गाढवांनो, मी रडतेय! विचारा ना काय झालं!”

शेवटी श्याओलीने भीत भीत विचारलं. ऋजुताने सगळं सांगितलं.

“मग तुम्ही इथे काय करताय?” श्याओली चक्क रागावली.

शिष्टाचाराचं पुस्तक मिटून ऋजुता विमानाचं तिकीट काढायला निघाली.