शंभरच्या आत

काकडी. मीठ न लावता.

पट्ट्याच्या आतल्या बाजूला शिवलेली चिंधी: कमाल भार शंभर किलो.

थुंकी गिळायची नाही. थुंकायची.

चऱ्होलीतल्या दोन खोल्या. अंजली फोडणी टाकते तेव्हा नवरा जिन्यात जाऊन बसतो.

नाशिक रोडवरच्या ढाब्यावरची मटण थाळी. ती नंतर. पास मिळाल्यावर.

ज्योतीराम काट्यावर उभा होता. चाकणच्या कंपनीतला दवाखाना, पहिली शिफ्ट. बूट काढलेले, खिशातल्या किल्ल्याही बाहेर. शेडच्या छताखाली चालणाऱ्या क्रेनची दुरुस्ती हे त्याचं काम. उंचीवर चढायचं तर दर सहा महिन्यांनी हाइट पास काढावा लागे. शंभर किलोच्या वरच्या माणसाची हमी वर चढताना बांधायचा सुरक्षा-पट्टा घेत नाही, म्हणून त्याला कंपनी पास देत नाही. पास नाही म्हणजे स्टोअरमध्ये खुर्ची. उदगीरहून आल्यापासून ज्योतीराम वरच होता. वरचा माणूस, एवढीच त्याची शेडमध्ये ओळख होती.

म्हणून दर पासाआधी तो आठवडाभर उपाशी राही. दर वेळी पास होई. उतरलेलं वजन महिन्याभरात परत येई, आणि येताना सोबत थोडं जास्त घेऊन येई.

"बसला का न्हाई शंभरच्या आत?" दारातून मालोजी म्हणाला. तो गावातलाच, त्याचा जोडीदार. ज्योतीराम वर, मालोजी खाली, अशी त्यांची जुनी जोडी. हा उपास त्यानेच शिकवलेला. "करा मॅडम सही. गडी पार सुकलाय, जेवाय न्यायचाय त्याला."

डॉ. स्वरूपा कंपनीत नवीन होत्या. त्यांनी काट्याकडे पाहिलं, मग ज्योतीरामच्या फुटलेल्या ओठांकडे.

"काल काय खाल्लं?"

"काकडी."

"परवा?"

ज्योतीराम आठवू लागला.

"उपास असतोय त्याचा," मालोजी म्हणाला.

"कुठल्या देवाचा?"

"काट्याच्या."

मालोजी एकटाच हसला. डॉक्टरांनी पेन उचललं. आकडा नियमात बसत होता.

"थांबा मॅडम," ज्योतीराम काट्यावरून उतरला. "डबा खाऊन येतो. मग परत घ्या वजन."

"येडा झाला का तू? आकडा आलाय. घे अन् चल."

ज्योतीराम बाहेर पायरीवर बसला. ज्वारीची भाकरी, शेपूची भाजी, वरण. अंजलीने डबा रोजच्यासारखाच भरला होता; तो आठवडाभर न उघडता परत जात होता. त्याने सावकाश सगळं संपवलं, वर भरपूर पाणी पिऊन घेतलं. मालोजी शेजारी उभा राहून बडबडत होता.

"स्टोअरमदी बसशील, मंग कळंल. तुझ्या जागी दुसरा कुणी चढंल."

"चढू दे."

"अन् मी? मी नव्या माणसाखाली उभा राहू व्हय?"

ज्योतीरामने डबा बंद केला.

या वेळी काटा शंभरच्या पुढे गेला. थोडासाच. डॉक्टरांनी पास रोखला.

"वजन खरंच उतरवायचंय?"

"व्हय मॅडम. पण माझं तोंडच ताब्यात राहत नाही. पास झाला की सुटतंच."

"आठवडाभर उपाशी ठेवल्यावर कुणाचंही सुटेल. त्यात तुमचा एकट्याचा दोष नाही. रोज जेवायचं. शिफ्ट कुठलीही असो, जेवणाची वेळ धरायची, झोप पुरी करायची. सावकाश उतरेल. वर्ष लागेल, कदाचित जास्तही."

"आणि तवर वर?"

"तोवर वर नाही."

पुढच्या आठवड्यात ज्योतीराम स्टोअरमध्ये बसला. कॅन्टीनमध्ये मालोजी दुसऱ्या टेबलावर जाऊ लागला. एकदा जाताना ताटात डोकावला. उसळ, कोशिंबीर, थोडा भात.

"खा, भावा, खा. आता कुणाला भ्यायचंय?"

आजूबाजूचे हसले. ज्योतीरामने मान खाली घालून उसळ संपवली. खिडकीतून शेड दिसत होती. क्रेनवर दुसरंच कुणी होतं.

मागच्या वेळी पास मिळाला त्याच दिवशी, वर, ज्योतीरामच्या डोळ्यांपुढे अंधारी आली होती आणि हातातला मोठा पाना सुटला होता. तो मालोजीच्या मागे, वीतभर अंतरावर पडला. प्रेस मशीनच्या आवाजात मालोजीला काही कळलं नाही. वळल्यावर पाना दिसला, तेव्हा त्याने तो पुसला आणि दोरीला बांधून वर पाठवला.